बंद कारखान्यातला पाहुणचार

सोलापूर,
कार्तिक संपत आला (तारीख घातली तर पत्र किती दिवसांनी पोचलं याचा हिशेब काढून तुम्ही पोस्टमनशी वाद घालता, म्हणून घालत नाही)

तीर्थरूप प्रभुलिंगमामा,

तुम्हाला आणि गुरम्मामामींना चंद्रिकाचे पाया पडून शरणु शरणार्थी. मामींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्या स्वतः करतात, की तुमच्या बहिणीला, म्हणजे आमच्या अव्वाला, करायला लावून आपण खाटेवरून मोजतात? दुकानात थंडीचा माल भरलात का? आमच्या धाकट्या सृष्टीचं कन्नड सुधारलं असेल, गणिताचं मात्र खरं खरं कळवा. ती मला फोनवर “छान चाललंय” म्हणते, आणि ती गणिताबद्दल छान बोलायला लागली की मला काळजी वाटते.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही “हां, बोल” म्हणता आणि लगेच फोन अव्वाकडे देता, आणि अव्वा “जेवलीस का” याच्या पुढे जात नाही. जेवले म्हटलं की “मग ठेव” म्हणते. पत्र तसं ठेवता येत नाही. शिवाय तुम्ही माझी पत्रं दुकानात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवता असं सृष्टीने सांगितलं आहे. (मागच्या पत्रातलं उंदराचं प्रकरण ऐकायला गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आली म्हणे. त्यांना सांगा, उंदीर गेला. मला थोडं चुकल्यासारखंच झालं.)

मी इथे मजेत आहे. खोली आता केवढी मोठी वाटते. तिघींची भांडी असायची तेव्हा मोरीत पाय ठेवायला जागा नसायची. आता एक ताट विसळलं की संपलं. सकाळी कोणी आरसा अडवत नाही. कोणी माझी ओढणी घालून शाळेत जात नाही. शिकवणीची मुलं संध्याकाळी येतात, पाढे म्हणतात आणि मी “थांबा, अजून एक गोष्ट सांगते” म्हटलं की चपला घालायला लागतात. एकूण फार निवांत आहे. मुद्द्यावर येते, कारण अव्वाने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार.

अव्वा ज्या टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायच्या मशीनवर होती, तो वैशाखात बंद पडला. मालक सगळ्यांना “आठ दिवसांनी या” म्हणाले आणि आपण पुण्याला मुलाकडे गेले ते तिकडेच राहिले. इतकी वर्षं पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते, म्हणून कामगारांना बेकारी भत्ता मिळाला, पण तीनच महिने. तीन महिन्यांत माणसाला दुसरी नोकरी मिळते असं ज्यांनी ठरवलं असेल, त्यांनी आमच्या अक्कलकोट रोडला एकदा चपला झिजवून बघायला हवं. श्रावणात भत्ता थांबला, खोलीचं भाडं काही थांबेना, आणि मामींचं ऑपरेशन निघालं म्हणून तुम्ही अव्वाला आणि सृष्टीला घेऊन गेलात. ते बरंच केलंत. (त्या दिवशी स्टेशनवर मी रडत नव्हते. डोळ्यात कचरा गेला होता. दुधनीकडच्या गाड्या धूळ फार उडवतात.) मी मागे राहिले, कारण भत्ता आणखी तीन महिने वाढवून मिळू शकतो असं मी वाचलं होतं, आणि तो मिळाला की खोली निभेल, खोली निभली की अव्वा आणि सृष्टी परत येतील, असं माझं साधं सरळ गणित होतं. गणितात मी सृष्टीपेक्षा बरी आहे असं तेव्हा वाटत होतं.

तर मी सगळ्या कामगारांच्या वतीने भत्त्याच्या ऑफिसात जायला लागले. मला कोणी निवडून दिलं नाही. वस्तीत ग्रॅज्युएट मी एकटी, एवढ्यावर ते झालं. तिथले कुंभोजकर साहेब चांगला माणूस आहे, त्यांना फक्त पित्ताचा त्रास आहे आणि माझ्यामुळे तो वाढला असावा. बी.ए.ला ‘कल्याणकारी राज्य’ या प्रश्नावर मी जे उत्तर लिहिलं होतं, ते मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांनी पूर्ण ऐकलं. दुसऱ्या खेपेला उपसंहार सांगायच्या आत त्यांनी मला खुर्ची दिली, आणि तिसऱ्या खेपेला मी दारात दिसताच म्हणाले, “ताई, तुमचं सगळं मला मान्य आहे. पण कारखाना बंद आहे आणि घरं अडचणीत आहेत असं मी लिहायचं, तर ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.” म्हणजे पाहणी. मग त्यांनी कॅलेंडर बघितलं, आणि घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचंय, जाता जाता तुमच्याकडे उतरतो, असं सांगून एक दिवस दिला. मी आनंदात घरी आले, धावतच. दिवस कोणता हे बघितलंच नाही. वस्तीत सगळ्यांना एवढंच सांगितलं की साहेब येणार आहेत, सगळ्यांनी कारखान्यावर या.

मामा, तो दिवस खंडेनवमीचा होता.

तुमच्या दुकानात तुम्ही तराजूची पूजा करता, तशी कारखान्यात मागांची होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. अव्वाबरोबर पेढे खायला मी दरवर्षी जात होते. पण पुस्तकं वाचून माणसाचं कसं होतं बघा, मला पाहणीची तारीख दिसली आणि सण दिसला नाही. त्यांना मात्र दोन्ही दिसलं. सण आहे आणि वर पाहुणे येणार आहेत. मी गेटवर पोचले तेव्हा गेट धुतलेलं होतं. धुळा वॉचमनला तर पगार कित्येक महिने नाही, तरी त्याने खाकी शर्टाला इस्त्री केली होती आणि गेटला झेंडूचं तोरण बांधत होता. मी म्हटलं, धुळामामा, हे काय, कारखाना बंद दिसायला हवा. तर मलाच समजावून सांगायला लागला, “बंद हाय की ताई. कुलूप म्या सोता काढलंय सकाळी. पर साहेब येनार म्हनल्यावर गेट मळकं ठेवायचं का?”

आत तर विचारू नका. रांगोळी होती. सगळे माग पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून ठेवलेले. आमच्या शेजारच्या पार्वतम्मा (तुम्हाला आठवतात, तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात आणि दोन्हीत रागावतात) जरीच्या लुगड्यात आल्या होत्या. बाकीच्या बायकाही दिवाळीच्या साड्या नेसून. आपण अडचणीत आहोत हे दाखवायला बोलावलंय, तर अडचणीत दिसावं, हे एकाही माणसाला सुचलं नव्हतं. उलट पाहुण्यासमोर आपली लाज जाऊ नये म्हणून ज्याच्या घरात जे शेवटचं होतं ते बाहेर आलं होतं. कोणी गूळ, कोणी गहू, कोणी तूप घालून मोठ्या पातेल्यात हुग्गी शिजत होती. त्या वासाने माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

साहेब आले. त्यांना फेटा बांधला. नारळ दिला. आणि पूजेनंतर माग थोडा तरी चालवायचा असतो, त्या दिवशी तो मुका ठेवायचा नसतो, म्हणून सिदू जॉबर पुढे झाला. (हा सिदू मागांची दुरुस्ती करायचा. बोलताना माग चालू असल्यासारखा ओरडून बोलतो, कारखाना बंद झाला तरी त्याचा आवाज खाली आलेला नाही.) कारखान्याची वीज केव्हाच तोडलेली. पण सिदूने देवीच्या मंडळाचा जनरेटर मागून आणला होता. बंद पडलेल्या दिवशीचं सूत अजून मागावर तसंच होतं. बटण दाबलं आणि माग खडाडखड सुरू झाला. मामा, मी खोटं कशाला सांगू, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळे पुसले. एक हातभर टॉवेल विणून झाला तो कापून, पार्वतम्मांनी दाताने दोरा तोडून, घडी करून साहेबांना दिला. साहेब गहिवरले. पंगतीला बसले. दोनदा हुग्गी घेतली, पित्त असून. आणि मग हात धुता धुता त्यांनी सिदूला सहज विचारलं, काय, कसं चाललंय?

मी पातेल्यापाशी होते. धावत पोचायच्या आत सिदू कारखाना दणाणेल अशा आवाजात म्हणाला, “तुमच्या आशीर्वादानं लई बरं चाललंय की साहेब!”

त्याला मी नंतर विचारलं, तू असं का म्हणालास? तर तो माझ्याकडे बघतच राहिला. जेवायला बसवलेल्या माणसाने कसं चाललंय विचारलं तर दुसरं काय म्हणतात, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. विचार केल्यावर मलाही माहीत नव्हतं.

साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते दिवाळीच्या तोंडावर कळलं. कारखाना स्वच्छ, यंत्रे चालू स्थितीत, उत्पादन प्रत्यक्ष पाहिले, कामगारांचे मनोधैर्य उत्तम. ते त्यांनी वाईट मनाने लिहिलं नव्हतं. मी ऑफिसात जाऊन जवळजवळ रडायच्या बेतात होते, तर तेच म्हणाले, अहो ताई, मी तर तुमचं कौतुक लिहिलं, दुसरीकडे गेलो की लोक नुसते अंगावर येतात. मी त्यांना समजावलं की सुखी माणसांना बेकारी भत्ता वाढवून मिळत नाही. हे त्यांना पटलं. त्यांच्या टेबलावर तो हातभर टॉवेल होता, त्याने त्यांनी चष्मा पुसला आणि दिवाळीनंतर पुन्हा येतो, या वेळी घरं बघतो, असं कबूल केलं.

दुसऱ्या पाहणीची मी तयारी केली. आता चूक करायची नाही असं ठरवून सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली बसवलं आणि चक्क तालीम घेतली. नियम माझे: रांगोळी नाही, चांगले कपडे नाहीत, कोणी “बरं चाललंय” म्हणायचं नाही. साहेबांना बसायला सांगायचं नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही, कारण पाण्याने सुरुवात झाली की आपली माणसं शेवयाच्या खिरीपर्यंत थांबत नाहीत. धुळा म्हणाला, पाणी बी न्हाय? मी म्हटलं, पाणी बी न्हाय. पुढारीपणा अंगात आला की माणूस दुसऱ्याच्या बोलीत बोलायला लागतो. सिदूला मी साहेब झाले आणि विचारलं, कसं चाललंय? त्याने इतका वेळ विचार केला की त्याच्या मुलीने येऊन त्याला पाणी दिलं.

आणि पाहणीच्या दिवशी, मामा, सगळ्यांनी माझे नियम अगदी पाळले. हेच मला अजून खातं. साहेब एका शिपायाला घेऊन भर उन्हात गल्लीत आले, तर कोणी ओट्यावरून उठलं नाही. ज्यांच्या पंगतीला बसले होते ती माणसं तोंड फिरवून बसलेली. साहेब ओळखीचं हसले, कोणी हसलं नाही. सिदूला विचारलं, तर त्याने मान खाली घातली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, “न्हाय चालत साहेब. पोरीला क्लासातनं काढलं.” तालमीत असं काही नव्हतं. ते मला पण माहीत नव्हतं. पार्वतम्मांनी तर दारच लावून घेतलं होतं. दार उघडं राहिलं तर हात आपोआप माठाकडे जाईल म्हणून. शिपायाने दार वाजवलं, त्यांनी आतूनच नाव सांगितलं, माणसं किती ते सांगितलं, आणि साहेब पुढे गेल्यावर त्या दाराआड रडत होत्या ते मला ऐकू आलं. दारातून माणूस तहानलेला गेला, तोही फेटा बांधलेला माणूस, आणि हे तू माझ्याकडून करवून घेतलंस, असं त्या मला दोन्ही भाषांत म्हणाल्या. तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांच्याकडून भाजीची वाटी यायची ती बंद झाली. मी माझी वाटी नेऊन दारात ठेवली, तर धुऊन परत आली, रिकामी. रिकामी वाटी परत करायची नसते हे त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे.

शेवटचं घर आपलं. साहेब आत आले, घामाने भिजलेले, चेहरा पडलेला. मला वाटतं त्यांना लोक आपल्यावर रागावलेत असं वाटत होतं. आणि नियम करणारी मी, मामा, मीच खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, चहा टाकला आणि उप्पीटसुद्धा केलं. त्याचं असं झालं की घरात मोठं माणूस येऊन बसल्याला बरेच दिवस झाले होते. मी पदवीदानाचा फोटो दाखवला. अव्वाने शिवलेली गोधडी दाखवली. सृष्टीला नववीत भूमितीत किती पडले ते सांगितलं. उंदराचंही सांगितलं. शिपाई घड्याळ बघत होता, साहेब उप्पीट खात होते, आणि मी बोलत होते. शेवटी त्यांनी घरात कोण कोण असतं विचारलं. मी म्हटलं, तिघी. त्यांनी खोलीकडे बघितलं. एक ताट, दोरीवर एकीचे कपडे, दारात चपलांचा एक जोड. बाकीच्या दोघी कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं, आणि मी खरं तेच सांगितलं, दुधनीला.

तर आता अडलं आहे ते इथे. बाकी सगळ्या घरांना भत्ता वाढवून मिळाला. सिदूला मिळाला, पार्वतम्मांना मिळाला, धुळाला मिळाला. आपलंच घर लटकलंय. ज्यांच्या नावचा भत्ता त्या चंद्रव्वा, म्हणजे आपली अव्वा, घरात नाहीत, आणि अडचणीतलं कुटुंब लिहायचं तर कुटुंब दिसलं पाहिजे, असं ऑफिसचं म्हणणं पडलं. चुकीचं आहे असंही म्हणवत नाही. मी खोलीत बसून ती पाहणी करणाऱ्याच्या नजरेने बघितली, तर मलाही कुटुंब दिसलं नाही.

बाकी सर्व क्षेम. थंडी पडली आहे. आप्तेष्टांना नमस्कार, मामींना विशेष, गिऱ्हाइकांना यथायोग्य.

तुमची,
चंद्रिका

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. येत्या सोमवारी साहेब पुन्हा पाहणीला येणार आहेत. त्या दिवशी अव्वा घरात दिसलीच पाहिजे. सृष्टीलाही पाठवा, दोघी असल्या तर कुटुंब म्हणायला अडचण येणार नाही. शाळेला मी चिठ्ठी लिहून देते. कपडे रोजचेच चालतील. शनिवारच्या गाडीने पाठवलंत तर घर जरा वापरलेलं दिसेल.

दुसरा ता. क. सरकारी काम आहे, पाहणी पुढेही ढकलली जाते. तेव्हा अंथरुणं-पांघरुणं घेऊनच आलेलं बरं. मामींचा व्यायाम मी फोनवरून मोजत जाईन.

तिसरा ता. क. मामा, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. अव्वा जवळ असेल तर कागद गल्ल्यात टाका आणि दुपारी एकटे असताना वाचा.

सोमवारी कोणी येणार नाही. आपल्या घरालाही भत्ता वाढवून मिळाला, सगळ्यांबरोबरच. साहेबांनी त्याच दिवशी ‘कुटुंब तात्पुरते गावी’ असं लिहून सही केली. कुटुंब दिसलं पाहिजे वगैरे त्यांनी म्हटलं नाही, ते मी घातलं. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे तुम्ही इथं एकट्याच राहता?” मी नाही म्हटलं आणि त्यांना आणखी उप्पीट वाढलं. पैसे आले हे अव्वाला कळलं तर ती म्हणेल, छान झालं, तू जेवत जा. आणि ते माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवून तिकडेच राहील, मशीन सुरू झाल्यावर येते म्हणेल. मशीन सुरू होणार नाही, मामा. मालकांनी माग विकायला काढलेत असं धुळा सांगत होता. हे तिला मला समोर बसवून सांगायचंय, फोनवर नाही.

तिच्या फोनवर बँकेचा मेसेज येईल. तिने वाचायला दिला तर रिचार्जचा आहे म्हणून सांगा. तुम्ही आयुष्यात खोटं बोलला नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून फक्त एकदाच मागते.

कोणत्या गाडीत बसवलंत तेवढं मला कळवा. मी होटगीलाच येऊन गाडीत चढेन, म्हणजे सोलापूरपर्यंतचा तेवढा वेळ जास्त मिळेल.